रंगभवन : उघड्या रंगमंचावरील गीत आणि बतावणी

जिंतूर तालुक्यातील बोरी या आमच्या गावी 'बँड' हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे वरात उभी राहते. हा बँड चालता असतो. त्याच्यासाठी कोणी बैठक घालून बसत नाही, आणि तो वाजवितो ती गाणी चित्रपटांतील, म्हणजे परक्याची असतात. प्रस्तुत लेखक विसाव्या शतकाच्या अखेरीस परभणीहून रेल्वेने निघून मुंबईस उच्च शिक्षणासाठी गेला, तेव्हा हाच शब्द अगदी निराळ्या अर्थाने त्याच्या कानी पडला. तेथे बँड म्हणजे चार-पाच तरुणांचा संच. तो एका जागी उभा राहून गातो, श्रोते तिकीट काढून त्याच्यापुढे उभे राहतात, आणि आपले गीत आपणच रचलेले असावे असा त्याचा आग्रह असतो. (बोरी सोडून आपण बोरीबंदरावर उतरलो, एवढी गंमत त्या वेळी सुचली होती, अर्थपालटाचा विचार बऱ्याच वर्षांनी सुचला.) या दुसऱ्या अर्थाचे मुंबईतील प्रमुख घर म्हणजे धोबीतलावाचे रंगभवन होय.

रंगभवन हे सेंट झेवियर महाविद्यालयाच्या शेजारचे शासकीय खुले नाट्यगृह. मराठी नाटकांचे प्रयोगही या रंगमंचाने पाहिले आहेत. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने येथे 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला व सॉनी रॉलिन्ससारखा अमेरिकेतील थोर सॅक्सोफोनवादक त्यात वाजवून गेला. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक संगीताचा मेळा आरंभिला. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरणाऱ्या या मेळ्याने रंगभवनाचे नाव महाविद्यालयीन तरुणांच्या तोंडी कायमचे बसविले.

हे स्थळच का, या प्रश्नाचे उत्तर संगीतात शोधण्यापेक्षा नकाशात शोधावे. बोरीबंदर व मरीन लाइन्स ही दोन्ही स्थानके येथून पायी गाठता येतात; म्हणजे मध्य व पश्चिम अशा दोन्ही लोहमार्गांवरील उपनगरांतला विद्यार्थी लोकलच्या पासावर येऊ शके आणि रात्री परतू शके. त्यापूर्वी असले संगीत बहुतांशी मोठ्या हॉटेलांत व नृत्यगृहांत वाजे. १९७० व १९७१ साली इंपीरियल टोबॅको कंपनीने 'सिमला बीट' या नावाने बँडच्या स्पर्धा भरविल्या व त्यांतील निवडक गाण्यांच्या तबकड्याही काढल्या, ही गोष्ट खरी. परंतु अशा स्पर्धेस आश्रयदाता लागतो, आणि हॉटेलात शिरावयास खिसा लागतो. उघड्या आकाशाखालच्या रंगमंचाने ही दुसरी अट पुष्कळ सैल केली.

आता गीताच्या मालकीविषयी. प्रारंभी बहुतेक संच इंग्रज-अमेरिकन बँडांची गाणी जशीच्या तशी वाजवीत, व श्रोत्यांनाही तीच हवी असत. १९८४ साली स्थापन झालेल्या 'रॉक मशीन' या मुंबईच्या बँडचा मार्ग या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वरचित गीतांचा संग्रह त्यांनी काढला, आणि १९९३ मध्ये आपले नाव टाकून 'इंडस क्रीड' हे नवे नाव घेतले. नावात सिंधू आली, गीताची भाषा मात्र प्रामुख्याने इंग्रजीच राहिली. स्वरचित आणि स्वभाषिक या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

तथापि रंगमंचावर त्या काळी मराठी नव्हतीच, असे कोणी म्हणेल तर ते प्रस्तुत लेखकास मान्य होणार नाही. त्याने रंगभवनाच्या पायऱ्यांवरून जे कार्यक्रम ऐकले त्यांत गीत इंग्रजी असे. गीत संपताच श्रोत्यांशी चाललेली थट्टा मुंबईच्या हिंदी-इंग्रजी मिश्रणात होई. आणि साउंडवाल्यास हाक मारताना, तारेचा खटका उडाला असता, किंवा पुढच्या रांगेतील मित्रास दटावताना सरळ मराठी बाहेर पडे. 'आवाज येतोय का रे मागे?' हे वाक्य ध्वनिवर्धकातून प्रथम ऐकले तेव्हा परभणीकडून आलेल्या विद्यार्थ्याचा जीव भांड्यात पडला. या तीन भाषा तीन वेगळी कामे करीत होत्या. तमाशाच्या घडणीशी परिचित असलेल्या वाचकास येथे एक साम्य दिसेल. गण व गौळण यांची भाषा ठरीव आणि परंपरेने आलेली. बतावणीची भाषा मात्र त्या रात्रीची, त्या गावची, समोर बसलेल्या माणसांना पाहून फिरणारी. रॉक बँडांचे गीत हा त्यांचा गण होता, आणि दोन गीतांमधील बोलणे ही त्यांची बतावणी. मराठी या बतावणीत वावरत होती.

अभ्यासकाची अडचण नेमकी येथे उभी राहते. ध्वनिमुद्रण गीताचे होते. बतावणीचे क्वचितच होते. तिला जपणारी वस्तू एकच, ती म्हणजे स्थळ आणि तेथे जमणारी माणसे.

ते स्थळच पुढे गेले. १४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषणाचे नियम प्रसिद्ध केले. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतालचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनाच्या निकट महाविद्यालय आणि कामा रुग्णालय आहे. त्यामुळे या शतकाच्या आरंभीच्या वर्षांतच तेथील ध्वनिवर्धक थांबला. निजामाच्या राज्यात १९२९ च्या गश्ती क्रमांक ५३ ने सभांना पूर्वपरवानगीची अट घातली होती, आणि आमच्याकडील वृद्धांच्या तोंडी 'परवानगी' हा शब्द त्या आठवणीने कडू झालेला होता. दोन्हींची तुलना करणे न्यायाचे होणार नाही. तेथे राज्यास बोलण्याच्या आशयाचे भय होते. येथे प्रश्न केवळ आवाजाच्या मापाचा होता, आणि रुग्णाची झोप ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. तक्रार एवढीच की नियम पाळताना, लोकलने पोहोचता येईल असे दुसरे उघडे स्थळ निर्माण करण्याची निकड कोणास वाटली नाही.

नंतरची स्थळे खाजगी होत. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारातील 'ब्लू फ्रॉग' २००७ मध्ये उघडले आणि २०१६ मध्ये बंद झाले. पुण्यात २०१० पासून 'एनएच सेव्हन वीकेंडर' हा मोठा मेळा भरू लागला. स्वरचित गीतास येथे आदर मिळाला हे मान्य केले पाहिजे. पण खाद्यपेयांच्या मेजांभोवतीचा श्रोता हा पायऱ्यांवरचा श्रोता नव्हे; बतावणीही त्याप्रमाणे बदलते. अलीकडे 'अभंग रिपोस्ट'सारखा संच गिटार व ड्रम घेऊन संतांचे अभंग गातो, आणि मराठी एकदाची गीतात आली याचा आनंद होतो. जनाबाईचे गंगाखेड ज्या जिल्ह्यात आहे तेथील माणसास तर तो विशेष व्हावा. मात्र संहिता शतकांपूर्वीची आहे. इंग्रजीत ज्याचा एवढा आग्रह धरला गेला, त्या स्वरचिताचा प्रश्न तेथे तूर्त बाजूस राहतो.

रंगभवनाच्या जागी मराठी भाषा भवन उभारावे असा शासनाचा बेत मध्यंतरी होता. पुढे तो चर्नी रोड येथील जवाहर बालभवनाच्या आवारात हलविण्यात आला व २०२२ मध्ये तेथे भूमिपूजन झाले. त्या भवनात कधी काळी बोलींच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह होईल, तर त्यात पोवाडे व ओव्या यांच्या शेजारी रंगभवनाच्या बतावणीसही एक फळी राखून ठेवावी. ज्यांनी ती ऐकली ते आज चाळिशीपासून साठीपर्यंतचे आहेत, आणि आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी ठरविल्यास त्यांच्या मुलाखती एका उन्हाळ्याच्या सुट्टीत घेता येतील.