डिंकयुक्त औषधवाहक मणी

डिंकयुक्त औषधवाहक मणी : वनस्पतींचे डिंक आणि तत्सम बहुशर्करा (पॉलिसॅकराइडे) यांच्या जेलीचे, साधारणपणे एक-दोन मिलिमीटर व्यासाचे गोल दाणे. त्यांत कोंडलेले औषध पचनमार्गात हव्या त्या जागी आणि हव्या त्या गतीने सुटावे, हा त्यांचा उद्देश. बाभळीचा डिंक गोळी बांधण्यासाठी औषधनिर्मितीत फार पूर्वीपासून वापरात आहे. मण्यांत डिंकाकडून याहून नाजूक काम करून घेतात.

मण्याचा सांगाडा बहुधा अल्जिनेटाचा असतो. हे द्रव्य तपकिरी समुद्रशैवालांतून मिळते. ब्रिटिश रसायनज्ञ स्टॅनफर्ड यांनी ते वेगळे करण्याच्या पद्धतीचे एकस्व १८८१ मध्ये घेतले. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर वाढणारे सारगॅसम याच शैवालगटातले.

सोडियम अल्जिनेटाच्या सुमारे २ टक्के द्रावणात औषध व डिंक घोटून एकजीव करतात आणि ते मिश्रण सिरिंजमधून कॅल्शियम क्लोराइडाच्या द्रावणात थेंबथेंब सोडतात. द्रावणात पडताच थेंबावर कवच धरते. कॅल्शियम आत झिरपत जाते तसा गाभाही घट्ट होतो. सुई नीट अंतरावर धरली नाही, तर मणी चपटा होतो किंवा त्याला शेपूट राहते. अल्जिनेटाच्या दोन साखळ्यांमधील खाचांत कॅल्शियमचे आयन खोक्यातल्या अंड्यांसारखे बसतात. १९७३ मध्ये मांडलेले हे प्रतिमान ‘अंड्यांचे खोके’ या नावाने ओळखले जाते. या कृतीत उष्णता लागत नाही, सेंद्रिय विद्रावकही लागत नाहीत, म्हणून ती जिवंत पेशींनाही मानवते. लिम व सन या संशोधकांनी १९८० मध्ये स्वादुपिंडातील इन्शुलिन स्रवणारे पेशीपुंज अल्जिनेटाच्या आवरणात ठेवून मधुमेही उंदरांत रोपले होते.

जठरातील आम्लात असा मणी फारसा फुगत नाही. आतड्यात मात्र सोडियम कॅल्शियमची जागा घेते, फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेते, मणी फुगून झिजतो आणि औषध मोकळे होते. जठराचा दाह करणाऱ्या डायक्लोफिनॅकासारख्या औषधांवर म्हणूनच बरेच प्रयोग झाले आहेत.

नुसत्या अल्जिनेटाची जाळी विरळ असते, ही खरी अडचण. मेटफॉर्मिनसारखे पाण्यात सहज विरघळणारे औषध मणी घडत असतानाच भोवतीच्या द्रावणात निसटते. जे आत उरते तेही पोटात गेल्यावर घाईने बाहेर पडते. इथे डिंक उपयोगी पडतो. गवारगोंद किंवा चिंचोक्यातील बहुशर्करा कॅल्शियमशी गाठ बांधत नाही, पण जाळीच्या छिद्रांत दाटून बसते. औषधाची गळती कमी होते आणि ते सावकाश पाझरते. काही डिंक श्लेष्मल आवरणाला चिकटतात, त्यामुळे मणी आतड्यात अधिक काळ टिकतो. गवारगोंद व पेक्टिन यांचे पचन माणसाच्या विकरांनी होत नाही, मोठ्या आतड्यातील जीवाणू मात्र ते तोडतात. म्हणून तिथल्या विकारांवरील औषधांसाठी ते विशेष योग्य ठरतात.

फुगण्याचा गुण घातकही ठरू शकतो. अमेरिकेत १९९० च्या सुमारास वजन घटवण्यासाठी विकल्या गेलेल्या गवारगोंदाच्या गोळ्या अन्ननलिकेत फुगून अडकल्या आणि त्या बाजारातून काढाव्या लागल्या. मण्यांत डिंकाचे प्रमाण थोडे असते. तरीही वाळलेला मणी किती व किती वेळात फुगतो, हे मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

जखमेवरच्या अल्जिनेटाच्या पट्ट्या आणि आम्लपित्तावरील अल्जिनेटयुक्त पातळ औषधे सर्रास वापरात आहेत. डिंकयुक्त मणी मात्र बव्हंशी प्रयोगशाळेतच आहेत. याचे मोठे कारण कच्च्या मालात आहे. डिंकाचा गुण झाडाचे वय, ऋतू आणि काढण्याची पद्धत यांनुसार बदलतो, शिवाय साल, माती व सूक्ष्मजंतू त्यात मिसळतात. कांडोळाचा (भुत्याचा) डिंक साठवणीत अ‍ॅसिटिक आम्ल सोडतो. पोत्याला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की त्याचा चिकटपणा उतरणीला लागलेला असतो. अशा दोन खेपांतून एकसारखे मणी घडत नाहीत. हा डिंक मध्य भारताच्या जंगलांतून आदिवासी गोळा करतात. कुऱ्हाडीच्या खोल घावांनी झाडे वाळत गेल्याने उथळ खाच, खाचांमध्ये अंतर आणि झाडाला विसावा देणारी पद्धत पुढे आली. वेचतानाच प्रत वेगळी केली, डिंक स्वच्छ वाळवला आणि लवकर पोहोचवला, तर औषधशास्त्रज्ञाला हवा तो एकसारखेपणा बऱ्याच अंशी जंगलातच मिळतो, आणि वेचणाऱ्याला दरही चांगला मागता येतो.