जुने खेळ आणि नवीं यंत्रें

ग्रंथ एकदां छापून झाला म्हणजे तो वाचावयास डोळे, उजेड व भाषेचें ज्ञान यांवांचून दुसरें कांहीं लागत नाहीं. तीनशें वर्षांपूर्वींची बाळबोध पोथी आज उघडली तरी ती आपण होऊन बोलूं लागते. परंतु कांहीं कृति अशा असतात कीं, त्यांच्या व आपल्यामध्यें एक दुभाषी उभा असावा लागतो. आणि तो दुभाषी नाहींसा झाला कीं, कृति शाबूत असूनहि मुकी होते. मोडी दप्तरांची गोष्ट महाराष्ट्रीयांस सांगावयास नकोच. पुण्याच्या पेशवे दप्तरांत कागदांचे रुमाल जागच्या जागीं आहेत. वाण आहे ती मोडी लावणाऱ्यांची. व्हिडिओ गेम या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या खेळांची स्थिति याहूनहि नाजूक आहे. कारण मोडी मनुष्यास शिकवितां येते, पण या खेळांचा दुभाषी म्हणजे एक यंत्र, आणि तें यंत्र कारखान्यांतून निघावयाचें बंद झालें कीं त्याची जात हळूहळू नष्ट होते.

जुन्या यंत्रासाठीं रचलेला खेळ नव्या यंत्रानें चालविणें, या गुणास आम्ही या लेखापुरतें 'पूर्वसंगति' असें म्हणतों. सामान्य समजूत अशी आहे कीं, वैयक्तिक संगणक म्हणजे पीसी हा या बाबतींत उदार, व टीव्हीला जोडून खेळावयाचा कन्सोल हा कृपण. ही समजूत अगदींच खोटी नव्हे. परंतु तिचें जें कारण सांगण्यांत येतें तें अपुरें आहे. पीसीचा स्वभावच संग्राहक व कन्सोलचा स्वभावच विसरभोळा, हें म्हणणें इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. तें कसें, हें पाहण्यासाठीं मागील सुमारें पन्नास वर्षांचें अवलोकन करूं.

अमेरिकेंतील अटारी कंपनीचा २६०० हा कन्सोल १९७७ सालीं बाजारांत आला. त्याचे खेळ कार्ट्रिजमध्यें भरलेले असत. आपल्याकडील मुलें पुढें ज्यांस 'कॅसेट' म्हणूं लागलीं तीच ही वस्तु. १९८२ सालीं त्याच कंपनीनें ५२०० हा अधिक समर्थ कन्सोल काढला, तेव्हां जुन्या गिऱ्हाइकांस असें आढळून आलें कीं, आपण पांच वर्षें जमविलेली कार्ट्रिजें नव्या यंत्रांत चालत नाहींत. मौज अशी कीं, त्याच वर्षीं कोलेको या प्रतिस्पर्धी कंपनीनें आपल्या कन्सोलला जोडावयाचें एक उपकरण पुढें आणलें, व त्यायोगें अटारीचे जुने खेळ कोलेकोच्या यंत्रावर चालूं लागले! अटारीनें कज्जा मांडला. तो पुढें तडजोडीनें मिटला. तशाच प्रकारचें जोड-उपकरण ५२०० साठीं अटारीस १९८३ सालीं स्वतःच काढावें लागलें, आणि त्यानंतरच्या ७८०० या कन्सोलांत तर जुने खेळ चालविण्याची सोय मुळांतच ठेवण्यांत आली. या पहिल्याच प्रकरणांतून एक गोष्ट दिसून येते. जुन्या खेळांस नव्या घरांत थारा मिळाला तो यंत्राच्या स्वभावामुळें नव्हे. गिऱ्हाईक हातचें जाईल या भीतीमुळें मिळाला.

जपानच्या निन्टेंडो कंपनीचें उदाहरण याहूनहि बोधप्रद आहे. तिचा फॅमिकॉम १९८३ सालीं जपानांत निघाला व १९८५ पासून एनईएस या नांवानें अमेरिकेंत गेला. १९९० सालीं त्याचा वारस सुपर फॅमिकॉम आला. त्याचा प्रोसेसर जुन्याच कुळांतला असून पूर्वजाच्या आज्ञा त्यास समजत. परंतु चित्र व ध्वनि निर्माण करणारे भाग सर्वस्वी निराळे होते. जुने खेळ चालवावयाचे तर ते जुने भाग नव्या यंत्रांत पुन्हां बसविणें प्राप्त होतें. ते बसविले गेले नाहींत. पण त्याच कंपनीनें हातांत धरून खेळावयाच्या यंत्रांच्या बाबतींत अगदीं उलट धोरण ठेवलें. १९८९ च्या गेम बॉयचे खेळ १९९८ च्या गेम बॉय कलरवर चालले, आणि २००१ च्या गेम बॉय ॲडव्हान्समध्यें तर नव्या प्रोसेसरशेजारीं जुना प्रोसेसर मुद्दाम बसविण्यांत आला. घर एकच, कारागीरहि तेच. परंतु एका यंत्रास पूर्वसंगति लाभली व दुसऱ्यास लाभली नाहीं. अर्थात् प्रश्न 'करतां येईल काय' एवढाच नसून 'करणें परवडेल काय, व कोणाच्या फायद्याचें होईल' हाहि होता.

येथें आपल्या देशासंबंधींहि दोन शब्द सांगणें अवश्य आहे. १९९० नंतरच्या दशकांत भारतांतील शहरोंशहरीं व्हिडिओ गेम म्हणून जीं स्वस्त यंत्रें घरोघर आलीं, त्यांतील पुष्कळशीं फॅमिकॉमच्या अनधिकृत नकला होत्या. मूळ कंपनीनें ज्या यंत्राची पिढी मागें टाकली, ती पिढी या नकलांनीं कित्येक वर्षें जिवंत ठेविली. एका नकलेची कॅसेट दुसऱ्या नकलेंत चालावयास कोणाची परवानगी लागत नसे. नकलेचा धंदा कायद्याच्या दृष्टीनें समर्थनीय होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जेथें मालक एकटा नसतो तेथें जुनें आपोआप टिकतें, हा नियम त्यांतहि स्पष्ट दिसतो.

सोनी कंपनीनें औदार्य व कार्पण्य या दोहोंचेंहि टोंक गांठलें. १९९४ च्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर तिनें २००० सालच्या प्लेस्टेशन २ मध्यें ठेवून दिला. नवा खेळ चालू असतां तो हुजऱ्याप्रमाणें सामानाची ने-आण पाही, आणि जुना खेळ घातला कीं पुन्हां धनी होऊन बसे. प्लेस्टेशन ३ हा २००६ सालीं निघाला, तेव्हां जपान व अमेरिकेंतील पहिल्या यंत्रांत प्लेस्टेशन २ च्या मुख्य चिपा अशाच घातलेल्या होत्या. परंतु त्या यंत्राची किंमत अमेरिकेंत ४९९ व ५९९ डॉलर ठेवावी लागली, आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम या पाहुण्यांवरच पडली. २००७ च्या मार्चमध्यें युरोपांत गेलेल्या यंत्रांतून त्यांतील मुख्य प्रोसेसर वगळण्यांत आला. आणि वर्ष संपण्यापूर्वीं निघालेल्या स्वस्त प्रकारांत प्लेस्टेशन २ चे खेळ चालण्याची सोयच उरली नाहीं. पुढें २०१३ चा प्लेस्टेशन ४ तर प्लेस्टेशन ३ ची डिस्क ओळखीनासा झाला. धन्याच्या मर्जीनें मिळालेलें वतन मर्जीनेंच खालसा झालें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां पीसीकडे वळूं. आयबीएम कंपनीचा पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजीं जाहीर झाला. त्याचा प्रोसेसर इंटेलचा, त्यावरील डॉस ही व्यवस्था मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली, आणि इतर बहुतेक भाग बाजारांत कोणासहि मिळण्याजोगे. आयबीएमचें स्वतःचें असें मर्म म्हणजे बायोस ही लहानशी प्रणाली. कॉम्पॅक कंपनीनें तिची नक्कल न करितां तिचें काम करणारी स्वतंत्र प्रणाली लिहून काढली, व १९८२ च्या अखेरीस आपला संगणक जाहीर केला. त्यानंतर तशा संगणकांचें पेवच फुटलें. यांपैकीं खरा जुळणारा कोणता व नांवाचाच कोणता, हें ओळखण्यासाठीं लोक दोन कसोट्या लावीत: एक लोटस १-२-३ हा हिशेबाचा कार्यक्रम, आणि दुसरी मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर. विमान उडविण्याचा एक खेळ संपूर्ण उद्योगाचा निकषग्रावा व्हावा, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. येथें पूर्वसंगति हें औदार्य नव्हतें. ती पोटाची भाकर होती. जुने कार्यक्रम न चालविणाऱ्या संगणकास गिऱ्हाईकच मिळत नसे. इंटेलनेंहि १९८५ च्या ३८६ प्रोसेसरमध्यें आपल्या जुन्या ८०८६ प्रोसेसरचें सोंग घेण्याची खास सोय केली ती याच कारणास्तव. १९९५ च्या विंडोजसंबंधीं अशी हकीकत प्रसिद्ध आहे कीं, सिमसिटी हा खेळ एकदां परत केलेली स्मृति पुन्हां वापरण्याची चूक करीत असे, आणि पूर्वींच्या व्यवस्थेंत ती खपून जाई. तेव्हां मायक्रोसॉफ्टच्या लोकांनीं हा खेळ ओळखून त्याच्यापुरती त्या चुकीस वाट करून दिली. परक्याच्या खेळांतील दोष आपल्या घरांत पोसण्याइतकी पूर्वसंगतीची त्यांस गरज होती!

तथापि पीसीच्या या कीर्तीसहि डाग आहेत. प्रारंभींचे कित्येक खेळ प्रोसेसरच्या वेगावर आपला ताल धरीत. वेगवान यंत्र येतांच ते इतके धांवूं लागले कीं, संगणकास मुद्दाम मंद करण्यासाठीं 'टर्बो' नांवाचें बटण बसवावें लागलें. १९९६ नंतर थ्रीडीएफएक्स कंपनीच्या चित्र-कार्डांसाठीं ग्लाइड या तिच्या खासगी भाषेंत पुष्कळ खेळ लिहिले गेले, आणि ती कंपनी बुडतांच ते पोरके झाले. ६४-बिट विंडोजनें १६-बिट कार्यक्रम चालविणें सोडून दिलें. चोरी होऊं नये म्हणून डिस्कवर जें सेफडिस्क नांवाचें कुलूप घालीत, तें २०१५ च्या विंडोज १० नें धोक्याचें म्हणून नाकारलें, आणि कुलुपाबरोबर आंतील खेळहि अडकून पडले. सारांश, नुसत्या पीसीवर विसंबलेला जुना खेळ सुखरूप राहिला असें झालें नाहीं.

मग ते खेळ आज चालतात कसे? याचें श्रेय मुख्यतः हौशी मंडळींस आहे. २००१ सालीं स्कमव्हीएम व २००२ सालीं डॉसबॉक्स या प्रणाली प्रथम प्रसिद्ध झाल्या. पहिलीनें कथाप्रधान साहसखेळांचें मूळ इंजिनच नव्यानें लिहून काढलें. दुसरीनें जुन्या पीसीचा प्रोसेसर, ध्वनि-कार्ड व डॉस यांचा सगळा संसार नव्या संगणकाच्या पोटांत मांडला. २००८ मध्यें पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीनें जुने खेळ विकण्याचें जें दुकान घातलें, त्यांतील डॉसच्या कित्येक खेळांबरोबर हीच डॉसबॉक्स दिली जाते. हौशी लोकांच्या श्रमावर व्यापार उभा राहिला, आणि व्यापारामुळें खेळ पुन्हां लोकांच्या हातीं आले. कन्सोलच्या बाबतींत हाच प्रयत्न करणाऱ्यांस मात्र कोर्टाची पायरी चढावी लागली. कनेक्टिक्स कंपनीनें प्लेस्टेशनचे खेळ संगणकावर चालविणारा इम्युलेटर काढला, तेव्हां सोनीनें तिच्यावर फिर्याद केली. अमेरिकेच्या अपील कोर्टानें २००० सालीं निकाल कनेक्टिक्सच्या बाजूनें दिला. परंतु पुढच्याच वर्षीं सोनीनें तो इम्युलेटर विकत घेऊन बंद करून टाकिला. न्यायासनापुढें जें साधलें नाहीं तें थैलीनें साधलें.

खरा भेद येथें आहे. पीसीवर कोणा एकाचें स्वामित्व नसल्यामुळें, अधिकृत मार्ग खुंटला तरी तिऱ्हाइतास आडवाट काढतां येत असे. कन्सोलवर वाट एकच, आणि तिची चावी एकाच्याच कमरेस.

परंतु अलीकडे हा भेदहि पुसट होत चालला आहे. २०१३ पासून सोनी व मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याहि कन्सोलांत पीसीच्याच कुळांतले प्रोसेसर आले. त्यामुळें २०२० च्या प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ चे बहुतेक सर्व खेळ चालतात. मायक्रोसॉफ्टनें २०१५ पासून आपल्या जुन्या कन्सोलांचे शेंकडों खेळ नव्यावर आणण्याचा उपक्रम केला, हें तिला भूषणावह होय. मात्र २०२१ च्या नोव्हेंबरांत परवान्यांच्या, कायद्याच्या व तंत्राच्या अडचणी सांगून तिनें ती यादी पुरी केली. म्हणजे यंत्र राजी असतांहि कागद आडवा आला. दुसऱ्या बाजूस, २७ मार्च २०२३ रोजीं निन्टेंडोनें आपल्या ३डीएस व वी यू यांच्या ऑनलाइन दुकानांतील विक्री थांबविली. आणि २०१४ सालीं निघालेला द क्रू हा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजीं सर्व्हर बंद होतांच पीसी व कन्सोल या दोहोंवरहि एकदमच निष्प्राण झाला. ज्यानें पैसे मोजून डिस्क घेतली त्याच्या हातीं नुसती चकती राहिली. येथें पीसीचें औदार्य कामास आलें नाहीं. कारण खेळाचा प्राण गोष्टींतल्या राक्षसाप्रमाणें सात समुद्रांपलीकडील पिंजऱ्यांत ठेवलेला होता. या प्रकारानें चिडून युरोपांत जी चळवळ उभी राहिली, तिच्या अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

हा केवळ पोरखेळाचा प्रश्न आहे असें कोणी म्हणेल. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें २०२३ सालीं केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, २०१० पूर्वीं त्या देशांत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ आज बाजारांत मिळत नाहींत. एखाद्या भाषेंतील इतके ग्रंथ एका पिढींत दुर्मिळ झाले असते तर त्यास आपण अरिष्ट म्हटलें असतें. असें असतांहि, ग्रंथालयांनीं असे खेळ अभ्यासकांस दुरून उपलब्ध करून द्यावे या मागणीस तेथील कॉपीराइट कचेरीनें २०२४ सालीं नकार दिला. आपल्याकडे १९५४ च्या कायद्यान्वयें प्रत्येक छापील ग्रंथाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व आणखी तीन ग्रंथालयांस द्यावी लागते. पुढें तींत वर्तमानपत्रांचीहि भर पडली. खेळ हे ग्रंथहि नव्हेत व वर्तमानपत्रेंहि नव्हेत. त्यामुळें या देशांत आज जे खेळ रचले जात आहेत त्यांसहि या कायद्याची सांवली नाहीं.

कंपन्यांनीं जुन्याचें ओझें जन्मभर वाहावें, असें आमचें म्हणणें नाहीं. प्रत्येक नव्या यंत्रांत सर्व पूर्वजांचे सांगाडे कोंबणें शक्य नाहीं, आणि तोट्यांत कोणीहि सर्व्हर चालविणार नाहीं. परंतु इतिहास पाहतां जुने खेळ जगले ते जेथें दुसऱ्या कोणास तरी ते जगविण्याची मोकळीक होती तेथेंच. तेव्हां ओझें नको असेल त्यानें तें खुशाल खालीं ठेवावें. मात्र ठेवतांना कुलूप काढून ठेवावें, म्हणजे ज्यास तें उचलावयाचें असेल त्यास उचलतां येईल. आपण वाहावयाचें नाहीं आणि दुसऱ्यासहि वाहूं द्यावयाचें नाहीं, ही वृत्ति व्यापारास कदाचित् शोभत असेल. संस्कृतीस ती परवडणारी नाहीं.