भूलोकमल्लाच्या चुलीशी

आधी ऐकू येतं ते मुसळ. उखळात भात कांडताना बाया काहीतरी म्हणताहेत. कानडी राजाच्या वाड्यात उभे असूनही ते शब्द तुम्हाला अर्धेमुर्धे कळतात. ओवी आहे ती.

सन ११२९. गाव कल्याण, मुंबईजवळचं नव्हे, बिदरकडचं, आजचं बसवकल्याण. चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, बिरुद भूलोकमल्ल. त्याने ‘मानसोल्लास’ नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचलाय आणि त्यातला ‘अन्नभोग’ हा अध्याय जेवणाला दिलाय. लढणारे राजे ढीगभर झाले; डाळीत हिंगाचं पाणी घालायला सांगणारा हाच.

पुढे व्हा, धूर सोसा. मिरी, आलं, हिंग, जिरं... मिरची मात्र शोधू नका. ती, बटाटा, टोमॅटो अजून समुद्रापलीकडे आहेत. पोर्तुगीज यायला जवळजवळ पावणेचारशे वर्षं आहेत. इथे जीभ भाजते ती मिऱ्यानं.

कोपऱ्यात मासे कापताहेत. वास जावा म्हणून तुकड्यांना तेल-मीठ चोळायचं, हळदीच्या पाण्यानं धुवायचं, मग चिंचेच्या कोळात टाकायचे. तुम्ही मालवणचे असाल तर इथेच पाट मांडून बसाल. राजालाही माशांचा भारी नाद: सुमारे ३५ जातींचे मासे आणि गळाला लावण्याआधी कुणाला काय चारावं, हे त्याने नोंदवलंय.

आता पलीकडचा आचारी काय करतोय ते बघा. शेपटी धरून त्यानं उंदीर कढत तेलात बुडवलाय. घरातला नव्हे, शेतातला, नदीकाठचा, काळा आणि दांडगा. केस निघाले की गरम पाण्यानं धुवायचा, पोट साफ करायचं, निखाऱ्यावर भाजायचा, वर मीठ-जिरं. शेजारी कासव भाजतंय. राजाच्या मते त्याची चव भाजलेल्या केळ्यासारखी. तोंड वाकडं करू नका. हे दुष्काळातलं खाणं नाही, राजाच्या ताटातलं आहे. ‘आपले पूर्वज असलं काही खात नव्हते’ असं कुणी छातीठोक सांगायला लागलं की मला हा आचारी आठवतो.

तुमच्यापुढे पान येतं. ‘इड्डरिका’ म्हणतात, आणि तुम्ही हसता, ओळखीचं नाव! घास घेतल्यावर फसगत कळते. यात तांदूळ नाहीच. नुसते उडीद आणि हिंग-जिरं-मिऱ्याचा ठसका. इडली म्हणून कुणी वाढली तर तुम्ही परत पाठवाल. मग फोडलेल्या दुधाच्या चोथ्यात तांदळाचं पीठ मळून तळलेले, पाकात मुरलेले गोळे येतात. छेन्याच्या मिठाईवरून ओडिशा आणि बंगाल भांडताहेत, त्यांना हे पान कुणीतरी दाखवायला हवं.

नावं टिकली, आतला माल बदलला. एका पदार्थाचं मात्र नावही टिकलं आणि भांडंही. चुलीवर मातीचं खर्पर पालथं घातलंय आणि त्यावर पातळ ‘मंडक’ टाकला जातोय. गव्हाचाच. तो पाहायला खरं तर इतक्या लांब यायची गरज नव्हती. खानदेशात कुणाकडे मांडे होणार असतील तर चुलीजवळ जाऊन उभे राहा. खापर तिथेही पालथंच असतं.