शिमग्याची बोंब मारून मन खरंच हलकं होतं का?

अंधेरी पश्चिमेतल्या मेट्रो स्टेशनच्या पाटीवर 'वर्सोवा' असं लिहिलंय, पण तिथल्या कोळ्यांच्या तोंडी गावाचं नाव वेसावे. मालाडची खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथला हा जुना कोळीवाडा. इथली होळी म्हणजे नुसता रंग उडवायचा दिवस नाही. कोळणी ठेवणीतली लुगडी नेसून, दागिने घालून नाचतात, गातात आणि रात्री होळी पेटते.

होळी पेटली की बोंब आलीच, मग ती वेसाव्याची असो नाहीतर कोकणातल्या एखाद्या वाडीची. पालथा हात तोंडावर मारत माणसं ओरडतात. पूर्वी तर सरळ नाव घेऊन शिव्याही दिल्या जायच्या, आणि त्या दिवशी कुणी राग मानायचा नाही असा संकेत होता. 'अमक्याच्या नावानं शिमगा करणे' हा वाक्प्रचार तिथूनच आलाय.

भविष्य पुराणात याची एक गोष्ट आहे. ढुंढा नावाची राक्षसी लहान मुलांना छळायची. शस्त्रानं मरणार नाही असा तिला वर होता. शेवटी लोकांनी आग पेटवली, आरडाओरडा केला, तोंडाला येईल ते बोलले आणि तिला पळवून लावलं. म्हणजे मनातली घाण बोलून बाहेर काढली की पीडा जाते, हा समज चांगलाच जुना.

पण तसं खरंच होतं का?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये याच प्रश्नावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलामुलींना आधी मुद्दाम चिडवलं. मग काहींना, ज्यानं चिडवलं त्याचाच विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं. काहींना व्यायामाचा विचार करत मारायला सांगितलं. उरलेले नुसते बसून राहिले. सगळ्यात जास्त राग कुणाचा राहिला? ज्याच्यावर राग होता त्यालाच डोळ्यांसमोर आणून मारणाऱ्यांचा. आणि सगळ्यात कमी आक्रमक निघाले ते काहीच न करता बसलेले.

म्हणजे 'सगळं ओकून टाक, बरं वाटेल' हा सल्ला अर्धवट आहे. एकाच माणसाचं नाव घेऊन रोज बोंब मारली तर राग जळत नाही, उलट त्यात लाकडं पडतात. आपल्या बायकाजुन्यांना हे ठाऊक असावं. 'शिमगा गेला तरी कवित्व राहतं' ही म्हण त्यांचीच.

शिमग्याकडे नीट पाहिलं तर बोंब हा त्याचा एक तुकडा आहे. तिला रात्र ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे. जे नकोसं आहे ते लाकूड, गोवरी, पालापाचोळा अशा डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंच्या रूपात आगीत जातं. दुसऱ्या दिवशी धुळवडीला त्याचीच राख अंगाला लावतात. विषय संपला हे सगळ्यांनी मिळून मान्य केलेलं असतं.

या दुसऱ्या भागाला अलीकडे एक आधार मिळालाय. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास एप्रिल २०२४ मध्ये आला. सहभागी लोकांच्या लिखाणावर अपमानकारक शेरे मारले गेले. मग त्यांनी मनात काय चाललंय ते कागदावर लिहिलं. काहींनी तो कागद कचऱ्यात टाकला किंवा यंत्रात कातरला, काहींनी जपून ठेवला. टाकून देणाऱ्यांचा राग जवळपास पहिल्या पातळीवर आला. ठेवणाऱ्यांचा तितका उतरला नाही. प्रयोग लहान आहे आणि तोही ताज्या रागाचा. वीस वर्षांच्या भाऊबंदकीला तो लावता येणार नाही.

तरी फोनमधल्या त्या स्क्रीनशॉट्सचा विचार करा. तीन वर्षांपूर्वीच्या भांडणाचे, 'पुरावा म्हणून' ठेवलेले. गॅलरी साफ करताना ते दिसतात, पुन्हा वाचले जातात आणि दुपार वाया जाते. कवित्व राहतं ते असं.

होळीनंतर पंधरा दिवसांनी पाडवा. जुनं जाळायचा दिवस आणि नवं सुरू करायचा दिवस एकच नाही, मधे पंधरवडा आहे, हे बरंच म्हणायचं. पाडव्याला गुळासोबत कडुलिंबाची पानं खातात. ती कडूच लागतात, आणि चावूनच खायची असतात. दुःखाचंही बऱ्याचदा तसंच. जवळचं माणूस गेल्याचं दुःख ही अडगळ नाही, ते होळीत टाकायला कुणी सांगू नये.

आणखी एक गोष्ट. 'सोड ना आता, विसरून जा' हे वाक्य घरात बहुतेक वेळा सुनेला, धाकट्या जावेला किंवा जिच्यावर अन्याय झालाय तिलाच ऐकवलं जातं. मारहाण, छळ, फसवणूक हे स्क्रीनशॉट जपूनच ठेवायचे असतात, कारण ते खरोखरच पुरावे असतात.

आणि कित्येक आठवडे झोप नाही, भूक नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर ना बोंब पुरते ना कागद. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. मराठीतही बोलता येतं.