वळिवड्याचे संघनायक

मागच्या महिन्यात ऑफिसात दोन दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग झालं. एसी हॉल, रंगीत चिठ्ठ्या, शेवटी सर्टिफिकेट. ते हातात घेताना मला मात्र २०१९चा ऑगस्ट आठवला. कोल्हापुरात महापूर होता. आम्ही मित्र बिस्किटांचे बॉक्स घेऊन एका शाळेत गेलो, तिथं पूरग्रस्तांना ठेवलं होतं. अर्ध्या तासात वाटप उरकलं. मग पुढं काय करायचं ते सुचेना. पंधरा-सोळा वर्षांची पोरं भिंतीला टेकून नुसती बसलेली. त्यांच्याशी काय बोलणार? फोटो काढले आणि परत आलो. अजून बोचतं ते.

गंमत म्हणजे हाच प्रश्न कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात ऐंशीएक वर्षांपूर्वी कुणीतरी सोडवून दाखवला होता!

१९४० आणि १९४१मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकललं. १९४१च्या करारानंतर त्यांची सुटका सुरू झाली. पोलिश सैन्य उभं राहिलं आणि १९४२मध्ये त्या सैन्याबरोबर हजारो बायका-मुलंही कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचली. तिथून काही जण भारतात आले. जामनगरजवळच्या बालाचडीची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. पण त्याहून मोठी छावणी आपल्या कोल्हापूर संस्थानात होती. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, सगळं होतं. खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारचा.

नव्हते ते बाप. काही सैन्यात होते, काही वाटेतच गेले होते. कित्येक मुलांना आईही उरली नव्हती. शिक्षिका शाळा चालवत, पण शाळा सुटल्यावर काय? भुकेची आणि मरणाची सवय झालेल्या या पोरांना पुन्हा पोरं कोण करणार?

इथं येतात झ्जिस्वाफ पेश्कोव्स्की. पोलिश सैन्यातले अधिकारी, वय पंचविशीचं, म्हणजे माझ्याहूनही लहान. सोव्हिएत कैदेत ते कोझेल्स्कच्या छावणीत होते. १९४०च्या वसंतात तिथल्या आणि इतर ठिकाणच्या जवळपास बावीस हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या. कातिन हत्याकांड ते हेच. जे मोजके वाचले, त्यांत हे एक. सैन्यानं त्यांना भारतातल्या पोलिश स्काउटांचं काम दिलं.

आता स्काउटिंगची रचना बघा. सहा-आठ मुलांचा एक संघ आणि त्यांच्यापेक्षा थोडाच मोठा असलेला त्यांचा संघनायक. पाच हजारांच्या छावणीला बाहेरून किती लीडर आणणार? म्हणून छावणीतल्याच मोठ्या मुलामुलींना शिबिरात तयार करायचं. गाठी मारणं, प्रथमोपचार, नकाशा वाचणं, शेकोटीची गाणी. आणि मुख्य म्हणजे, आपल्या संघातला कोण आज गप्प आहे हे ओळखणं. सैबेरियात भाऊ गमावलेली मुलगी इथं आठ लहानग्यांची ताई व्हायची. तिचं दुःख काही संपत नसे. पण सकाळी उठायला तिला एक कारण असे.

मला यातला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. आपण विस्थापित पोरांना कायम घेणाऱ्यांच्या रांगेत उभं करतो. इथं त्यांच्याकडे जबाबदारी दिली होती.

१९४८पर्यंत छावणी रिकामी झाली. बहुतेकांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती, त्यामुळे बरेच जण ब्रिटन आणि इतर देशांत पांगले. पेश्कोव्स्की १९५४मध्ये धर्मगुरू झाले आणि २००७मध्ये वारले. कातिनमध्ये मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी ते शेवटपर्यंत झटले. वळिवड्याच्या रिकाम्या बराकीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं. हो, तेच कापडाच्या होलसेल मार्केटचं! कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सातही २०१७पासून कोल्हापूरच्या नावाचं एक स्मारक आहे.

असो. २०१९मध्ये त्या शाळेत काय करायला हवं होतं, ते मला आत्ता कळतंय. बॉक्स आम्ही फोडायचेच नव्हते. भिंतीला टेकलेल्या त्या पोरांना हाक मारून म्हणायचं होतं, "दादा, कुठल्या खोलीत किती लहान मुलं आहेत ते तुलाच ठाऊक. तूच वाट, आम्ही बॉक्स उचलतो."