तीन वर्षांचं छप्पर

आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. पूर्व युरोपातल्या येशिवांत, म्हणजे ज्यू धर्मशिक्षणाच्या पाठशाळांत, शिकणारी ज्यू मुलंही तशीच रोज वेगळ्या घरी जेवत. पण पोरंबाळं झालेल्या, दिवसभर तालमूद हा धर्मग्रंथ उघडून बसणाऱ्या पंडिताच्या डोक्यावरच्या छपराची सोय अशी वारांवर होत नाही. ज्यू परंपरेनं व्यापारी आणि अभ्यासक यांची भागीदारीच मानली आहे: एकानं कमवावं, दुसऱ्यानं पढावं, पुण्य दोघांचं. जर्मनीत मानहाइमला लेम्ले मोझेस या धनिकानं १७०८ साली काढलेलं ‘क्लाउस’ याच हिशेबातलं. तिथे अभ्यासाची जागा होती आणि पंडितांच्या चरितार्थाची तजवीजही.

खरी घरं उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकात, जेरुसलेममध्ये. तटबंदीच्या आत ज्यू वस्तीत दाटी, पाणी टाक्यांमधलं, भाडी न परवडणारी. न्यू ऑर्लीन्सचा व्यापारी जुडा टुरो १८५४ साली वारला आणि पवित्र भूमीतल्या गरीब ज्यूंसाठी पन्नास हजार डॉलर ठेवून गेला. त्या पैशातून इंग्लंडमधले ज्यू दानशूर मोझेस माँटेफिओरे यांनी १८६० मध्ये तटाबाहेर ‘मिश्केनोत शाननिम’ बांधलं. दीड-दीड खोलीची बिऱ्हाडं, पावसाचं पाणी साठवायचं टाकं आणि त्यावर लोखंडी पंप. जेरुसलेमकरांना त्या पंपाचंच अप्रूप! एवढं असूनही रात्री तटाबाहेर राहायला कोणी धजत नसे; लोक दिवसा तिथे आणि झोपायला पुन्हा तटाच्या आत. राहावं म्हणून त्यांना वर पैसे द्यावे लागले, असं सांगतात. गावात पटकीची साथ आली, तेव्हा मात्र बाहेरच्या मोकळ्या हवेची किंमत कळली.

तटाच्या आत, ज्यू वस्तीतच, हॉलंड-जर्मनीहून आलेल्या ज्यूंच्या ‘कोलेल’नं, म्हणजे संघानं, ‘बातेई महासे’ ही घरं बांधायला घेतली. त्यातलं फ्रँकफर्टच्या विल्हेल्म कार्ल रॉथशिल्डच्या देणगीतलं दुमजली, कमानींचं घर १८७१ चं. घर द्यायची रीत मोठी हिशेबी: गरजूंच्या चिठ्ठ्या टाकायच्या, विद्वानाला झुकतं माप द्यायचं आणि मुक्काम तीन वर्षांचा. घरं मोजकी, रांग लांब. कायमचं दिलं तर दुसऱ्याची पाळी येणारच कधी?

असा कोलेल एकेका देशातून आलेल्यांचा असे. युरोपात गोळा झालेली ‘हलुक्का’, म्हणजे दानाची रक्कम, तो आपल्या माणसांत वाटायचा. घर आणि रोजचा पैसा एकाच हातात. त्यामुळे संघाच्या पुढाऱ्यांशी वाकडं घेणं विद्वानाला परवडत नसे. दानाची ही बाजू दात्यांच्या नावाच्या पाट्यांवर कोरलेली नसते.

पुढे पाट्या वाढतच गेल्या. हंगेरीच्या कोलेलनं १८९१ पासून तटाबाहेरच्या मेआ शेआरीम या वस्तीला लागून ‘बातेई उंगारीन’ बांधलं. वॉर्सावाल्यांची घरं वेगळी. मिश्केनोत शाननिममध्ये १९७३ पासून लेखक-कलावंतांचं अतिथिगृह आहे. तिथेही मुक्काम ठरावीक मुदतीचाच.