नांवांस चिकटलेले लौकिक अर्थ

दप्तराचे रुमाल सोडतांना आपलें लक्ष तारीख, शिक्का व मोडी वळण यांकडे प्रथम जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु माणसांच्या नांवांना लोकांनीं थट्टेनें वा रागानें जे अर्थ चिकटविले, त्यांची टिपणें आपण सहसा ठेवीत नाहीं. हे अर्थही एक प्रकारचा पुरावाच होत. मात्र तो पुरावा कशाचा, हें नीट ओळखलें पाहिजे.

अशीं नांवें तीन प्रकारचीं दिसतात. पहिल्या प्रकारांत नांव आहे, पण धनी नाहीं. ‘सोमाजी गोमाजी कापसे’ म्हणजे कोणी तरी अमुक तमुक. यांतील आदरार्थी ‘जी’ गळून ‘सोम्यागोम्या’ झालें कीं तुच्छता पुरी होते. ‘धोंडोपंता’चा ‘धोंड्या’ होतो तसेंच हें. दुसरा प्रकार पुराणांतला. कळ लावणारा तो नारद, कपटी तो शकुनि, संतापी तो दुर्वास आणि झोंपाळू तो कुंभकर्ण. येथें स्वभाव कथेनेंच ठरवून दिलेला असल्यामुळें अधिक शोधाचें कारण नाहीं. तिसरा प्रकार ऐतिहासिक व्यक्तींचा, आणि संशोधकास खरें काम आहे तें येथें.

घाशीराम सावळदास याच्याकडे १७७७ मध्यें पुण्याची कोतवाली आली. १७९१ च्या ऑगस्टांत त्याच्या अंमलांत कांहीं तेलंगी ब्राह्मण कोंडले गेले व त्यांतील कित्येक गुदमरून मेले. मानाजी शिंदे फांकडे यांनीं कुलूप तोडवून उरलेल्यांस बाहेर काढिलें. लोक खवळले, अखेर नाना फडणिसांस कोतवाल लोकांच्या स्वाधीन करावा लागला आणि जमावानें त्यास दगडांनीं ठेंचून मारिलें. तेव्हांपासून ‘घाशीराम’ म्हणजे जुलमी अंमलदार असा अर्थ रूढ झाला. १८६३ मध्यें मोरोबा कान्होबा यांनीं त्याच्या नांवाचें पुस्तक लिहिलें व १९७२ मध्यें विजय तेंडुलकर यांचें नाटक रंगभूमीवर आलें. तोंपर्यंत मूळ मनुष्य मागें पडून नांव तेवढें पुढें आलें होतें.

याच्या उलट उदाहरण शत्रुपक्षांतलें आहे. राघोबादादांस पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठीं इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली, तींत कॅप्टन स्टुअर्ट होता. १७७९ च्या जानेवारींत कार्ल्याजवळ तो तोफेच्या गोळ्यानें पडला. मराठ्यांच्या तोंडीं त्याचें नांव ‘इष्टुर’ झालें. आरंभींच्या जोडाक्षरापूर्वीं ‘इ’ लावण्याची ही आपली खोडच आहे. त्याच्या शौर्यावर खूष होऊन लोकांनीं त्यास ‘फांकडा’ ही पदवी दिली. जी पदवी मानाजी शिंद्यांस, तीच या परक्यास! आपल्या कोतवालाचें नांव शिवी व्हावें आणि चालून आलेल्या शत्रूच्या नांवापुढें बिरुद लागावें, यावरून लोकांचा निवाडा पक्ष पाहून होत नसे, वर्तन पाहून होत असे, हें उघड आहे.

नांवाचा स्वतःचा दोष मात्र कांहींच नसतो. याच कालांत, १७५६ मध्यें, छत्तिसगडांत जन्मलेले घासीदास सतनामी पंथाचे गुरु म्हणून पूज्य झाले. ‘घासी’ हाच शब्द एके ठिकाणीं वंद्य व दुसरीकडे निंद्य झाला.

यावरून संग्राहकांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. तारीख नसलेल्या कागदांत ‘घाशीराम’ हें नांव विशेषणासारखें आलें असल्यास तो कागद बहुधा १७९१ नंतरचा समजावा, आणि सूचींत तो उल्लेख कोतवालाच्या नांवाखालीं घालूं नये. तसेंच सोमाजी-गोमाजींस खऱ्या असामी समजून त्यांची वंशावळ शोधीत बसूं नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लौकिक अर्थ हा लोकमताचा पुरावा आहे, कारभाराचा नव्हे. घाशीरामाविषयीं लोकांस काय वाटलें तें त्याचें नांव सांगतें. चौदा वर्षें कोतवालीच्या चावडींत काय चाललें होतें तें कागदांनींच सांगावयाचें आहे. निवाडा लागून गेला म्हणून साक्षी तपासण्याचें काम संपत नाहीं.